लाईट आली की सर्व्हर आपोआप उठावा का?

काळीमाती: काल इथं एकानं लिहिलं, "दोन-तीन व्हीएमच्या (एकाच मशीनवर चालणारे आभासी कॉम्प्युटर) सेटअपला बूट ऑर्डर, म्हणजे कोण आधी उठणार हा क्रम, कशाला? सगळ्यांना ऑटोस्टार्ट द्या आणि झोपा." हा गडी मे महिन्यात तालुक्याच्या गावी राह्यलेला दिसत नाही. आमच्या पतसंस्थेत एकाच नोडवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर, प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), त्यावर तीन व्हीएम: डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारं), डेटाबेस, अ‍ॅप. एक दिवस लाईट गेली, आली, तिन्ही धडाधड उठले. अ‍ॅपले डेटाबेस सापडला नाही, ते एरर फेकून बसलं. काउंटरपुढं पासबुक धरून ही लाईन! आता डीएनएस १, डेटाबेस २ अन् त्याले 'अप' १२०, अ‍ॅप ३. बंद होताना उलट्या क्रमानं. पाच मिनिटाचं काम हाये राजेहो.

पुणेरिटर्न: ती पोस्ट माझीच. 'अप' १२० म्हणजे पुढची व्हीएम १२० सेकंद उशिरा, एवढंच. डेटाबेस खरंच तयार झाला का, हे प्रॉक्समॉक्स पाहत नाही. लाईट गेल्यावर डेटा सावरायला, म्हणजे रिकव्हरीला, चार मिनिटं लागली की तुमचा क्रम गेला उडत. अ‍ॅपनंच पुन्हा पुन्हा कनेक्ट व्हायला हवं.

काळीमाती: अ‍ॅप वेंडरचं. तो फोनच उचलत नाही, शिकवू कोणाले?

डीपीजळाली: तुम्ही दोघंही बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) पाहून या. लाईट आल्यावर 'पॉवर ऑन' ठेवलं असन. आमच्याकडं लाईट एकदा येत नाही, तीनदा येते. म्या 'ऑफ' ठेवलं. लाईट टिकली की मीच जाऊन बटण दाबतो.

पुणेरिटर्न: म्हणजे बूट ऑर्डरमध्ये पहिला नंबर तुमचा!

डीपीजळाली: हसा. सर्व्हरले लाईटसोबत अर्थिंगचाही घोर हाये. काळ्या मातीले भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर लावला तं ३८ व्होल्ट, लई जास्त! दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं, तवा कुठं खाली आलं.

खारपाण: मीठ ओतायचे सल्ले देऊ नका. दर्यापूरकडं या, जमिनीतच मीठ हाये. अर्थिंगचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप उपसला तं खालचा हातभर भाग नुसता गंजाचा भुगा. मिठानं आज रीडिंग सुधरते, पाईप उद्या जाते.

डीपीजळाली: तुमच्या खारपाणपट्ट्याचं वणीच्या माणसाले सांगू नका बे.

खारपाण: 'बे' कोणाले म्हणतं?

तीननोडवाली: भांडा निवांत. पण एचएमध्ये (एक नोड पडला की व्हीएम दुसऱ्यावर उठवणारी सोय) टाकलेल्या व्हीएम ही बूट ऑर्डर पाळतच नाहीत, हे कोणी बोललं नाही. मी अपडेटसाठी नोड रीबूट केला, वाटलं व्हीएम आपोआप दुसरीकडं जातील. शटडाऊन पॉलिसी डीफॉल्टला 'कंडिशनल' होती. रीबूटला ती फ्रीझ करते, नोड परत येईस्तोवर व्हीएम तिथंच अडकून. रविवार होता म्हणून वाचले. तेव्हापासून पॉलिसी 'मायग्रेट', म्हणजे आधी व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवते.

पुणेरिटर्न: हे मलाही माहीत नव्हतं. बरं, काळीमाती, तुमचं १२० ठेवा. वेंडर मेल्यासारखाच असेल तर दुसरा इलाज नाही.

काळीमाती: ३०० केलं सकाळीच. तुमच्यामुळं नाही, उगाच.

खारपाण: ते सगळं ठीक. मीठ ओतू नका.