मदत हवी आहे: घरच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन कोणतं घ्यावं?

घरामागे १५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद लॉन आहे. आजवर माळीकाका स्वतःचं मशीन घेऊन यायचे. आता त्यांनी काम थांबवलंय आणि आईने जाहीर केलंय की यापुढे गवत तीच कापणार. आई पासष्टीची आहे. तब्येत ठणठणीत, पण उजवा खांदा अधूनमधून कुरकुरतो. त्यामुळे दोरी ओढून सुरू करायचं पेट्रोलचं मशीन मी मनातून जवळजवळ बाद केलंय.

गवत बहुतेक हरळीच आहे, मधूनमधून रुंद पानाचं काहीतरी घुसलंय. दोन मोठी झाडं आहेत, त्यांच्या काटक्या सतत पडतात आणि एकाची मुळं जमिनीवर आलीत. कुंपणाच्या बाजूला थोडा उतार आहे. विजेचा सॉकेट मागच्या दाराशी, म्हणजे लॉनचा लांबचा कोपरा तिथून वीसेक मीटर.

वाचून वाचून डोक्याचं भजं झालंय. कोणी म्हणतं हाताने ढकलायचं रीलचंच घ्या, कोणी म्हणतं बॅटरीशिवाय बोलू नका. रोबोटचा पर्याय आईने ऐकताक्षणी उडवून लावला: "मग मी काय करू, त्याच्याकडे बघत बसू?"

माझे प्रश्न: रीलचं मशीन तिला झेपेल का? वायरचं घेतलं तर वायर पात्याखाली येण्याची भीती कितपत खरी? आणि वॅट, व्होल्ट, पात्याची रुंदी यातलं नेमकं काय बघायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मशीन नंतर, आधी दोन गोष्टी सांगा: गवत किती उंच ठेवायचंय आणि आई किती दिवसांनी कापणार? तुम्ही बाकी सगळं लिहिलंत, नेमकं हेच राहिलं. निम्मा निर्णय इथेच होतो.

रीलमध्ये आडव्या दांड्याभोवती पीळ दिलेली पाती फिरतात आणि खालच्या स्थिर पट्टीला जेमतेम घासून जातात. कात्रीसारखं कापतं, त्यामुळे पान स्वच्छ तुटतं. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने पेटंट घेतलेलं यंत्र याच तत्त्वावर होतं. लोकरी कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. पण गवत सात-आठ सेंमीच्या वर गेलं की ते रीलमध्ये न येता पुढेच आडवं होतं, आणि बोटाएवढी काटकी अडकली तरी चाकं जागच्या जागी थांबतात. तोच झटका खांद्याला बसतो.

रोटरीत एकच पातं जमिनीला समांतर गरगर फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत तोडतं. वाढलेलं गवत, रुंद पानं, बारीक काटक्या सगळं चालतं. धार गेली की मात्र ते गवत कापत नाही, फाडतं, आणि दोन दिवसांत सगळी टोकं तपकिरी दिसायला लागतात.

तुमची जागा १८० चौरस मीटर. ३८ सेंमीचं पातं घेतलं आणि दर फेरीला थोडं आधीच्या पट्ट्यावर चढवलं, तर प्रत्यक्षात ३३ सेंमी कापलं जातं. म्हणजे १५ मीटरच्या ३६ फेऱ्या, साधारण अर्धा किलोमीटर चाल. वळणं धरून वीस-पंचवीस मिनिटं. याहून रुंद मशीन घेऊन झाडांभोवती वळवताना आईचेच हाल होतील.

बॅटरीच्या खोक्यावर ४० व्होल्ट लिहिलेलं असतं तो पूर्ण चार्ज असतानाचा आकडा. काम करताना ती ३६ व्होल्टचीच. ४ अँपिअर-अवरची असेल तर ३६ गुणिले ४, म्हणजे १४४ वॅट-अवर, ही बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा. गवत दाट असेल आणि मोटर साडेचारशे वॅट ओढत असेल तर वीस मिनिटांत संपली. तुमचं काम जेमतेम उरकेल. तेव्हा नुसते व्होल्ट बघू नका, गुणाकार करा. बॅटरी जुनी होईल तशी तिची क्षमता घटते, तेही धरा.

वायरची भीती खरी आहे, पण आवरता येते. सॉकेटपाशी सुरुवात करायची आणि दर फेरीला त्याच्यापासून लांब जायचं, म्हणजे वायर नेहमी कापून झालेल्या भागावर राहते. सॉकेटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारं स्विच) हवंच, यात काटकसर नको. आणि ओलं गवत असताना वायरचं मशीन बाहेर काढायचंच नाही.

प्रतिसाद

पेट्रोलला उगाच बदनाम करताय. बटणाने सुरू होणारी मशीन्सही मिळतात, दोरीचा प्रश्नच नाही. ताकदीला तोड नाही.

प्रतिसाद

ताकद हवीय कशाला? १८० चौरस मीटरला फोर स्ट्रोक इंजिन म्हणजे ऑइल बदला, एअर फिल्टर साफ करा, महिनोन्महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल काढा. पातं साफ करायला मशीन कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर ऑइल त्यात उतरतं. हे सगळं कोण करणार, तो माणूस आधी ठरवा. मोठ्या आवारासाठी माझं मत वेगळं असतं.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. आईला विचारलं. गवत "पायाला टोचणार नाही इतकं" हवंय, म्हणजे तीन-चार सेंमी. आणि ती दर तीन-चार दिवसांनी सकाळी कापणार, व्यायाम म्हणून. तिला आवाज नकोय. काटक्या आधी झाडून घेईन म्हणते. झुकाव रीलकडे दिसतोय! उतार मोजला, मीटरला वीस सेंमीच्या आसपास चढ आहे.

प्रतिसाद

मग मत बदलतो. हरळी, कमी उंची आणि इतक्या लवकर लवकर कापणी, रीलसाठी हेच हवं असतं. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. तीन सेंमीवर ठेवायचं तर साडेचारला पोचायच्या आत मशीन फिरलं पाहिजे. उन्हाळ्यात हरळी इतकी सरसर वाढते की आईंचा तीन-चार दिवसांचा हिशोब बरोबर बसतो. गावाला गेलात आणि गवत वाढलं, तर आल्यावर पहिल्यांदा उंची वर करून कापा, मग दोन कापण्यांत हळूहळू खाली आणा.

उतार ठीक आहे. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा असते, म्हणजे मीटरला साधारण २७ सेंमी. तुम्ही आत आहात. उताराला आडवं चालायचं, वरखाली नाही.

मुळं वर आली आहेत तिथे रील नेऊच नका. पट्टीला एक खोच पडली की प्रत्येक फेरीत तिथे गवताची एक रेघ शिल्लक राहते आणि डोळ्यांत खुपत बसते. त्या झाडाभोवती मीटरभराचा गोल आळं करून पालापाचोळा पसरा. कडेचं गवत लांब दांड्याच्या कात्रीने कापता येतं, वाकावं लागत नाही.

आई सोबत दुकानात जाऊ द्यात. हँडलची उंची कमी-जास्त होते का बघा. ते कोपराच्या जरा खाली यावं, म्हणजे खांद्याने न रेटता चालण्याच्या जोरावर मशीन पुढे जातं. मग वर्तमानपत्राचा तुकडा रील आणि पट्टीच्या मध्ये धरून रील हाताने सावकाश फिरवायला सांगा, बोटं लांब ठेवून. पूर्ण रुंदीत, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. एखाद्या टोकाला नुसता दुमडला तर दोन्ही बाजूंचे स्क्रू दुकानदाराकडून तिथेच जुळवून घ्या आणि कसे जुळवतो ते आईंना बघू द्या. पुढे ते काम त्यांनाच अधूनमधून करावं लागणार आहे.