वेगांची बेरीज, संयोजन की संकलन?

खानापूरकर : दहावी झालेल्या पोरांसाठी सापेक्षतेवर मराठीत टिपण करतोय. ‘वेगांची बेरीज’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘संयोजन’ केलं. म्हणाले, बेरीज वाचली की पोरं सरळ मिळवून मोकळी होणार. प्रकाशवेगाच्या ०.६ पट अधिक ०.६ पट म्हणजे १.२. पण आइनस्टाइनच्या १९०५ च्या सूत्रात या १.२ ला १.३६ नं (१ अधिक ०.६ गुणिले ०.६) भागावं लागतं, उत्तर ०.८८ च्या आसपास. मग बेरीज म्हणायचं की नाही? पुढं वक्र अवकाशकाल, म्हणजे गुरुत्वानं वाकलेले अवकाश आणि काळ, आहे, तिथं काय लिहू?

शहापूरकर : बेरीजच लिहा की. काटकोनातले ३ आणि ४ मिळवून ५ येतात, त्यालाही आपण सदिशांची बेरीजच म्हणतो. संयोजन म्हणजे कार्यक्रमाचं, असं माझ्या घरात कुणीही सांगेल.

हुक्केरीकर : माझी शाळा कन्नड. आम्हाला चालीला ‘जव’, वेगाला ‘वेग’ आणि बेरजेला ‘संकलन’. मराठी वहीत ‘वेगांचं संकलन’ लिहिलं, तर मावशी म्हणाली, वेग काय गोळा करायलास? पण भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात बेरजेला संकलितच आहे. कन्नडनं जपलेला शब्द परका कसा?

टिळकवाडी : लीलावती ११५० च्या सुमाराची. आज मराठीत संकलन म्हणजे लेख गोळा करून केलेलं पुस्तक. शब्द बोलणाऱ्याचा असतो, कोशाचा नव्हे.

हुक्केरीकर : भास्कराचार्य आमच्या विजापूरचे. त्यांनी सांगितलेलं त्यांचं गाव विज्जडविड म्हणजेच विजापूर.

चंदगडकर : ते स्वतः गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगतात. विजापुरात सह्याद्री कुठनं आला? त्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, तो बघा.

हुक्केरीकर : नातवाचा लेख तिथं, म्हणून आजोबाचं गाव तिथं?

निपाणीकर : अहो, वक्र अवकाशकालाचं राहिलं की! तिथं तिन्ही शब्द अपुरे पडतात. ते सूत्र एका बिंदूपाशी, तिथल्या तिथं चालतं. दूरच्या दोन ठिकाणचे वेग मिळवायचे तर एकाला आधी दुसऱ्यापाशी आणावं लागतं, आणि वाट बदलली की उत्तर बदलतं. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवावरनं एक बाण रेखावृत्तानं विषुववृत्तावर आणा, तिथनं ९० अंश पूर्वेला न्या, परत ध्रुवावर चढवा. वाटेत कुठंही वळवला नसला तरी तो ९० अंशांनी फिरलेला असतो. इटालियन गणिती लेव्ही-चिविता यांनी १९१७ मध्ये मांडलेलं समांतर वहन ते हेच. म्हणून फार दूरच्या दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग प्रकाशवेगापेक्षा जास्त निघाला तरी सूत्र मोडत नाही. तो वेग या सूत्रात घालायचाच नसतो. टिपणात हे आलंच पाहिजे, शीर्षक काहीही असो.

शहापूरकर : पटलं. पण ‘वहन’ नको. पोरांना वहन म्हणजे उष्णतेचं, सळईतनं होणारं. ‘समांतर नेणे’ लिहा. ‘बाण समांतर न्या’ म्हटलं की हात लगेच हलतो.

टिळकवाडी : अनुक्रमणिकेत नाम लागतं. ‘समांतर स्थानांतरण’ करा.

चंदगडकर : ‘नेणे’ नाम नाही काय? देणंघेणं, येणंजाणं ही सगळी नामंच. स्थानांतरणात जागा बदलल्याचं कळतं, दिशा सांभाळल्याचं कळत नाही.

हुक्केरीकर : दिशा सांभाळल्याचं ‘समांतर’मध्ये आलं की. आणि विज्जडविडाबद्दल सवडीनं लिहितो, तो विषय संपलेला नाही.