बाबांच्या पेटीतली कटिंग टूल्स ओळखायला मदत हवी

उद्यमनगरची लेक

बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. चैत्रात गेले. शेडची जागा सोडायची आहे, लेथ अजून तिथेच उभा आहे. त्यांची लोखंडी पेटी भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय, पण माझा हात उठत नाही. प्रत्येक वस्तू त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. निदान काय आहे ते कळल्याशिवाय द्यायची नाही.

चार वस्तू अडल्या आहेत. एक दातेरी चकती, मधे 22 मिमीचं भोक, वर कोरलंय "एम 2, नं. 6, 17–20". दुसरी लांब, उभ्या खाचांची सळई, एका टोकाला चौकोन. भंगारवाला म्हणतो झिजलीय, कारण टोकाला ती 7.9 मिमी भरते आणि वर जाड होत जाते. तिसरी, दांड्याला जोडलेली छोटी जाड चकती. चौथी, टोकाला करडा तुकडा डकवलेली लेथची टूल्स, दांड्यांवर लाल रंग.

फिटर सांगली

सळई रीमर आहे, म्हणजे ड्रिलचं भोक नेमक्या मापाला आणणारं टूल. चौकोन टॅपच्या (आटे पाडायच्या टूलच्या) पान्यात धरून हाताने फिरवायचा. झिजलेलं टूल इतकं सारखं बारीक होत नाही, तेव्हा घाईने देऊ नका.

टूलरूमवाले काका

ताई, 30 वर्षं टूलरूममध्ये काढली म्हणून सांगतो, ही पेटी वजनावर देऊ नका.

रीमरपासून सुरू करतो. टोकापासून बरोबर 50 मिमीवर खूण करून तिथे व्हर्नियर लावा. 8.9 भरलं तर हा टेपर पिनचा रीमर. 50 मिमीला 1 मिमी, हाच त्याचा उतार. पुली किंवा कॉलर शाफ्टवर पिनने पक्की करायची असली की आधी ड्रिल मारून मग हा फिरवायचा. उतारामुळे पिन ठोकली की घट्ट बसते. उतार हाच त्याचा गुण, त्यालाच झीज म्हणणं चूक आहे.

पहिली दातेरी चकती म्हणजे गिअर कटर, गिअरचे दाते पाडणारा. एम 2 म्हणजे मॉड्यूल 2, दात्याच्या आकाराचं माप. एका मॉड्यूलला आठ कटरांचा संच लागतो, कारण दाते कमी-जास्त झाले की दाताचा आकार बदलतो. नंबर 6 हा 17 ते 20 दात्यांसाठी. दात्यांत दोन मिळवून मॉड्यूलने गुणलं की गिअरचा बाहेरचा व्यास येतो. बाबांची वही असेल तर त्यात असे आकडे शोधा.

तिसरी वस्तू उजेडात धरून बाजू बघा. दाते फक्त घेरावर असतील तर वुडरफ कटर, शाफ्टवर पुली किंवा गिअर पक्का धरणाऱ्या अर्धचंद्र चावीची खाच पाडणारा. बाजूंवरही दाते असतील तर टी-स्लॉटचा, म्हणजे टी आकाराची खाच पाडणारा.

लाल रंगाची टूल्स कार्बाइडची, बिडाच्या कामाची. पोलादासाठी निळा रंग असतो. तुमच्याकडे फाउंड्रीचं कास्टिंग येत असणार. कार्बाइड काचेसारखं उडतं, म्हणून एकावर एक टाकू नका. साध्या दगडावर त्याला धार लागत नाही, हिरवा दगड लागतो.

उद्यमनगरची लेक

काका, 50 मिमीवर 8.9च भरलं. दोनदा मोजलं. तिसऱ्या वस्तूच्या बाजू कोऱ्या आहेत, म्हणजे वुडरफ.

वही सापडली. एका पानावर पेन्सिलीने "20 दाते, 44" एवढंच आहे. तुमच्या हिशोबाने 22 गुणिले 2, म्हणजे 44. मग शेडवर जाऊन लेथचं झाकण उघडलं. चेंज गिअरांत, म्हणजे लेथची चाल बदलायच्या गिअरांत, एक बाकीच्यांहून वेगळा दिसतो, त्यावर कंपनीचा शिक्का नाही. दाते मोजले, वीस. व्हर्नियर लावला, 44. आमच्याकडे मिलिंग मशीन नव्हतं, शेजारच्या शेडमध्ये होतं. तिथे बसून त्यांनी स्वतःच तो पाडला असणार.

पेटी घरी आणली आहे. आता टॅपांचा डबा उघडलाय. एकाच मापाचे तीन तीन आहेत, दांड्यावर एकाला एक कडी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला काहीच नाही.

टूलरूमवाले काका

एक कडीचा पहिला फिरवायचा, दोन कड्यांचा दुसरा, कोरा शेवटी. पूर्ण आटे तोच पाडतो. तिन्ही एका फडक्यात बांधा, सुटे होऊ देऊ नका. अर्ध्या इंचाचे असतील तर आटे गेजने मोजा. इंचाला 12 आले तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे, 13 आले तर यूएनसी, म्हणजे अमेरिकन.