अँटेनावर टीव्ही चॅनल 2, 4, 5 स्वच्छ, पण 7, 11 आणि 13 तुटतात (एडिसन, न्यू जर्सी)

एडिसनकर
केबल बंद केली आणि न्यूयॉर्कच्या बाजूच्या खिडकीला चपटा, कागदासारखा अँटेना लावला. 2, 4, 5 एकदम स्वच्छ दिसतात. 7 वर चित्राचे चौकोन होतात, 11 कधी लागतं कधी नाही, 13 तर स्कॅनमध्ये येतच नाही. यूएसबीवर चालणारा अॅम्प्लिफायर जोडला, तर 7 होतं तेही गेलं. अॅटिक (छपराखालचा माळा) मोकळं आहे. घर आमचं स्वतंत्र आहे, पण एचओएवाले (वसाहतीची घरमालक संघटना) छपरावर अँटेना नको म्हणतात. टीव्ही तीन आहेत, रेकॉर्डिंगही हवंय. आईबाबा येणार आहेत, त्यांना मराठी मालिका लागतात. काय घ्यावं?

तरंगलांबी
अॅम्प्लिफायर आधी काढा.

टीव्हीवर दिसणारा आकडा आणि हवेतला खरा चॅनल वेगळे असू शकतात. तुमच्याकडचं 2 खरं तर 36 वर येतं, 4 हे 35 वर, 5 हे 27 वर. हे सगळे यूएचएफ (आखूड लहरींचा पट्टा). 7 मात्र 7 वरच, 11 हे 11 वर आणि 13 हे 12 वर, म्हणजे व्हीएचएफ (लांब लहरींचा पट्टा). 27 च्या लहरीची अर्धी लांबी जेमतेम 11 इंच, 7 च्या लहरीची 33 इंच. फूटभराचा चपटा अँटेना ती कशी धरणार?

कुठे जुना दोन दांड्यांचा अँटेना पडला असेल तर तो लावून बघा. प्रत्येक दांडी 15 इंच बाहेर काढायची, दोन्ही आडव्या एका रेषेत, आणि ती रेष न्यूयॉर्कच्या दिशेला काटकोनात. टोकं न्यूयॉर्ककडे केलीत तर काहीच मिळणार नाही, टोकांच्या बाजूने अँटेना बहिराच असतो.

हे चाललं तर अॅटिकसाठी यूएचएफ आणि हाय-व्हीएचएफ (व्हीएचएफमधले 7 ते 13) दोन्ही घेणारा अँटेना घ्या. खोक्यावरच्या मैलांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लांब, 30 इंचांच्या आसपासच्या आडव्या दांड्या आहेत का ते बघा. एडिसनहून मॅनहॅटनचे मनोरे 25-27 मैलांवर, खऱ्या उत्तरेपासून 55 ते 58 अंशांवर आहेत. साधं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, त्यावर 12-13 अंश वाढवा, म्हणजे 70 च्या आसपास धरा. अॅटिकच्या छताला आतून चकचकीत फॉइल असेल तर तिथे अँटेना लावून उपयोग नाही, फॉइल सिग्नल अडवतं.

अॅम्प्लिफायरचं कारण: इतक्या जवळच्या जोरदार सिग्नलने तो ओव्हरलोड होतो, आणि स्वस्त यूएसबी चार्जरचा विद्युत गोंगाट (नॉइज) नेमका व्हीएचएफमध्ये मिसळतो.

आरजी6
वरचं सगळं बरोबर. तीन टीव्हींसाठी स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारा जोड) लावू नका. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये 3.5 डीबी (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) जातात, चार वाटांच्यात 7. त्यापेक्षा अॅटिकमधून एकच आरजी6 (टीव्हीची नेहमीची गोल) केबल खाली आणा आणि नेटवर्क ट्यूनरला (अँटेनाचे चॅनल घरच्या नेटवर्कवर देणारा डबा) जोडा, उदाहरणार्थ एचडीहोमरन. ट्यूनर राउटरला वायरने जोडायचा, वायफायने नाही. मग टीव्हींना अॅपमधून चॅनल मिळतात. तिघं एकाच वेळी वेगवेगळं बघणार आणि वर रेकॉर्डिंग, तर चार ट्यूनरचा घ्या.

एटीएससी 3.0 (टीव्ही प्रसारणाचं नवं मानक) चे जास्तीचे पैसे आज देऊ नका. त्यातल्या बऱ्याच चॅनलवर डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) आहे, ते अशा ट्यूनरमधून चालत नाहीत.

रेकॉर्डिंगला जेलीफिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एचडीचा एक तास 5 ते 8 जीबी खातो, तेव्हा डिस्क मोठी ठेवा. प्रसारण एमपीईजी-2 या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतं आणि काही स्ट्रीमिंग स्टिकना ते थेट वाचता येत नाही. अशा वेळी सर्व्हरला (जेलीफिन चालवणाऱ्या संगणकाला) रूपांतर करावं लागतं, म्हणून हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (हे रूपांतर चिपवरच करण्याची सोय) असलेला मिनी पीसी बरा.

एचओएचं: 1996 पासूनच्या एफसीसीच्या (अमेरिकेचा दूरसंचार नियामक) नियमानुसार जी जागा फक्त तुमच्याच वापराची आणि ताब्यातली आहे तिथे ते टीव्ही अँटेना सरसकट अडवू शकत नाहीत. सामाईक छपराला हा नियम लागू नाही. बाहेर लावलात तर खांब आणि केबलचा अर्थिंग ब्लॉक (केबल ज्यातून जाते तो धातूचा जोड) दोन्ही घराच्या अर्थिंगला जोडा. यात कसूर नको.

मराठी मालिका अँटेनावर येणार नाहीत. त्यांना इंटरनेट आणि अॅपची वर्गणीच लागेल.

एडिसनकर
दांड्या 15 इंचांवर लावल्या. 7 आणि 13 स्वच्छ! 11 मात्र संध्याकाळी तुटतं, दिवसा ठीक असतं.

तरंगलांबी
दिव्यांचा संशय येतो. 11 लावून ठेवा आणि घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करत जा. ज्या दिव्याबरोबर चित्र सुधारेल तो बदला. तोवर अँटेना त्यापासून सहा-आठ फूट लांब ठेवा. ट्यूनर आला की त्याच्या पानावर 'सिम्बॉल क्वालिटी' (सिग्नल किती बिनचूक येतो त्याचा आकडा) बघा: ती सतत 100 राहिली पाहिजे. सिग्नलचा जोर कमी दिसला तरी चालेल.