समुपदेशकाची खोली कुठे आहे, तेही बघा
‘शाळेत समुपदेशक नेमला तरी मुलं जातच नाहीत, मग उपयोग काय?’ असं विचारलं जातं. मी नववी-दहावीला शिकवते. आमच्याकडेही आधी कुणी फिरकत नव्हतं. खोली मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून, आणि तिथे पाठवायचे ते फक्त मस्तीखोरांना. मुलांना ती शिक्षाच वाटणार ना! मग समुपदेशक बाईंनी खोली ग्रंथालयाशेजारी घेतली आणि प्रत्येकाला एकदा नुसतं गप्पांसाठी बोलावलं. पहिल्याच भेटीत त्या सांगतात, ‘तुझं बोलणं माझ्यापाशीच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर घरी कळवावं लागेल, तेही तुला सांगूनच.’ त्यानंतर मुलं आपणहून जायला लागली.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. पालकसभेत हे जरूर विचारा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचंय.

आणि रात्री-अपरात्री? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवलाय, पुसू देत नाही.