अभ्यासक्रमाबाहेरची साधने: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी आणि डेटा स्ट्रक्चर हे विषय झाले आहेत, प्रात्यक्षिकांच्या वह्याही तपासून झाल्या आहेत. परंतु गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन), कमांड लाइन (आज्ञा टंकित करून संगणक वापरणे) किंवा डीबगर (प्रोग्रॅममधील चुका शोधण्याचे साधन) आम्हाला कधीच शिकवले गेले नाहीत, आणि इंटर्नशिपमध्ये हे सर्व येते असे गृहीतच धरले जाते, असे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात. सुट्टीत प्रत्येक साधनाचा स्वतंत्र कोर्स करावा का? माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे.

उत्तर १

स्वतंत्र कोर्स करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. जे प्रोग्रॅम तुम्ही आधीच लिहिले आहेत, तेच पुन्हा उघडा. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) सुरू केले की उबुंटू हे लिनक्स त्यातच चालते. बायनरी सर्च ट्रीमधून नोड काढण्याचा प्रोग्रॅम तेथे जीसीसी या कंपायलरला ‘-जी’ हा पर्याय देऊन कंपाइल करा आणि जीडीबी या डीबगरमध्ये चालवा. सेगमेंटेशन फॉल्ट आला (परवानगी नसलेली मेमरी वापरल्याने प्रोग्रॅम बंद पडला) की ‘बॅकट्रेस’ ही कमांड द्या. कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केले, याची उतरंड ओळींच्या क्रमांकांसह दिसते. रिकर्शन शिकवताना फळ्यावर काढतात तो स्टॅक हाच.

गिटचेही तसेच आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिले. ॲड, कमिट, पुश या तीन कमांड पाठ करून बहुतेक जण थांबतात, आणि पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेल्या दोन बदलांचा संघर्ष) येताच फोल्डर पुसून पुन्हा क्लोन करतात, म्हणजे सर्व प्रत नव्याने उतरवून घेतात. त्याऐवजी आतली रचना समजून घ्या: प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सर्व फाइलींची स्थिती आणि आधीच्या कमिटचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण), आणि ब्रांच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारे नाव. हा तुम्ही शिकलेला दिशायुक्त, चक्ररहित ग्राफच आहे. ‘गिट बायसेक्ट’ तर चक्क बायनरी सर्च करते. हजार कमिटांपैकी कोणत्या कमिटने बिघाड आणला, हे सुमारे दहा तपासण्यांत कळते.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त क्रम बदलावा असे वाटते. आधी शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) शिकावे, कारण पाइप (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणे), ग्रेप (मजकूर शोधण्याची कमांड) आणि फाइलींच्या परवानग्या कळल्याशिवाय बाकीच्या साधनांचे संदेशच नीट वाचता येत नाहीत. एमआयटीतील काही जणांनी नेमकी हीच उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये शेल, व्हिम हा एडिटर, गिट, डीबगिंग अशा विषयांवर व्याख्याने दिली. ती सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहेत. इंग्रजीतून ऐकणे जड जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि सी यांचे छोटे पाठ मराठीतून आहेत. मात्र पाठ ऐकताना टर्मिनल शेजारी उघडे ठेवून प्रत्येक कमांड स्वतः टंकित करावी.

उत्तर ३

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल गिटमध्ये कमिट झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती काढून टाकली तरी जुन्या इतिहासात ती कोणालाही वाचता येते. म्हणून अशा फाइलींची नावे सुरुवातीलाच ‘गिटइग्नोर’ फाइलीत (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) लिहावीत, आणि फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीवर (गिटमधील प्रकल्पाच्या साठ्यावर) गेलीच असेल, तर इतिहास साफ करण्याच्या आधी पासवर्ड बदलावा.