'एक्स्पान्स' सहाव्या पुस्तकावर सोडा म्हणणाऱ्यांना

सँडहर्स्ट रोड (धागाकर्ता):

काल इथे एकाने नव्या वाचकाला सल्ला दिला: जेम्स एस. ए. कोरी ह्या नावाने लिहिणाऱ्या लेखकजोडीच्या 'द एक्स्पान्स' ह्या अंतराळ-कादंबरीमालिकेची पहिली सहा पुस्तकं वाच, पुढची तीन सोड, युद्ध सहाव्यातच संपतं, नंतर नुसतं पाणी वाढवलंय. त्याखाली पटापट दुजोरे आले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे शेवटापर्यंतचे स्पॉयलर आहेत.

ते युद्ध पेटवणारा लघुग्रह पट्ट्यातला बंडखोर मार्को इनारोस. त्याला जहाजं दिली कोणी? मंगळाच्या आरमारातल्या विन्स्टन दुआर्तेने. बदल्यात दुआर्तेला प्रोटोमॉलिक्यूल ह्या परग्रही पदार्थाचा नमुना हवा होता. पाचव्या पुस्तकात पृथ्वीवर अशनी आदळतात, सगळी सूर्यमाला तिकडे बघत बसते आणि तेवढ्या वेळात दुआर्ते फुटीर ताफा घेऊन परक्या ताऱ्यांकडे नेणाऱ्या दरवाजांपैकी एकाच्या पार, लाकोनियाला निघून जातो. म्हणजे पाचवं आणि सहावं पुस्तक ही दुआर्तेने उडवलेली धूळ आहे. सहाव्यावर थांबलात तर तुम्ही धूळच वाचलीत. खरी स्वारी सातव्यात येते.

दुसरा मुद्दा रसदीचा. दरवाजांतून एका वेळी ठरावीक वस्तुमान-ऊर्जेपेक्षा जास्त काही गेलं की शेवटची जहाजं गायब होतात. 'रोसिनांटे' ह्या नायकांच्या जहाजावरची नाओमी हे बेपत्ता जहाजांच्या नोंदींवरून हुडकते आणि मार्कोचा ताफा त्यातच संपतो. सातवं पुस्तक ह्या मर्यादेवर उभं आहे. कोणतं जहाज कधी जाणार हे वाहतूक संघ ठरवतो, आणि त्याची सगळी सत्ता तेवढ्यात आहे. फ्रीहोल्ड वसाहत परवानगीशिवाय एक जहाज पाठवते, तर शिक्षा म्हणून तीन वर्षं तिची वाहतूक बंद. आता ती वसाहत स्वतःच्या पायावर उभी नाही. बियाणं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग सगळं बाहेरून येतं. म्हणजे ही तीन वर्षं म्हणजे देहदंड, आणि तो एक गोळी न झाडता दिलेला. नाकेबंदीचं युद्ध इतकं नेमकं लिहिलेलं असताना त्याला पाणी वाढवणं म्हणायचं?

कुर्ला_कारशेड:

तो सल्ला माझाच होता. आजही तोच देईन.

फ्रीहोल्ड उत्तम आहे, पण ती पहिली काही प्रकरणं. नंतर दुआर्तेच्या लाकोनियाची युद्धनौका 'टेम्पेस्ट' येते आणि खेळ संपतो. पहिल्या सहा पुस्तकांत लढाई मोजता येते. टॉर्पेडो किती उरले, पीडीसीच्या (जवळच्या बचावतोफांच्या) गोळ्या कधी संपणार, किती जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या किती पट प्रवेग) किती वेळ सोसायचा, शत्रू किती तासांनी माऱ्याच्या टप्प्यात येईल. पृथ्वी ते गुरू संदेश जायला साधारण ३३ ते ५४ मिनिटं लागतात, म्हणून पृथ्वीच्या नेत्या अवासरालाला उत्तर येण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. ह्या सगळ्या अडचणींत मजा होती. समोर अजिंक्य जहाज आणून ठेवलं की डावपेच कशाला उरतात?

वर सहावं आणि सातवं ह्यांच्यात साधारण तीस वर्षांची उडी. माणसं सत्तरीला टेकली तरी तीच चौकडी, तीच 'रोसिनांटे', तेच टोमणे.

सँडहर्स्ट रोड:

अजिंक्य? आठव्यात 'टेम्पेस्ट' मंगळाची माजी सैनिक बॉबी ड्रेपर उडवते, तेही लाकोनियाच्याच रसद जहाजावरून पळवलेल्या प्रतिद्रव्याने. पुढे नाओमीचा अख्खा बेत काय आहे? लाकोनियाच्या ताफ्याशी समोरासमोर भिडायचं नाही. त्याला तुकड्यातुकड्याने घरापासून लांब ओढायचं आणि जिथे ही जहाजं तयार होतात ते कक्षेतले बांधणीतळ फोडायचे. बांधणीतळ गेले की असलेलं जहाज हे शेवटचं जहाज. डावपेच म्हणजे आणखी काय असतं, कारशेडसाहेब? तुम्ही सातव्यावर पुस्तक मिटलंत आणि आठव्यावर निकाल देताय.

निर्वात:

तुमचं दोघांचं चालू द्या, पण 'पहिल्या सहा पुस्तकांत लढाई मोजता येते' हे वाक्य मी सोडणार नाही. मोजून बघा.

पृथ्वी ते गुरू, अंतर साधारण ६३ कोटी किमी. एक तृतीयांश जीने निम्मी वाट वेग वाढवायचा, जहाज उलटं फिरवायचं, उरलेली वाट वेग कमी करायचा. दहा दिवस लागतात, कादंबऱ्यांत दाखवतात तसेच. इथपर्यंत ठीक. पण वेगातला एकूण बदल होतो सेकंदाला जवळपास २,९०० किमी. जहाज ५०० टनांचं धरा आणि इंधन एकूण वजनाच्या पाव भाग. मग झोत सेकंदाला १०,००० किमी वेगाने बाहेर पडायला हवा. रेटा १६ लाख न्यूटन. झोताची शक्ती म्हणजे रेटा गुणिले झोताचा वेग भागिले दोन. उत्तर आठ लाख कोटी वॉट.

त्यातला हजारावा भाग जरी उष्णता म्हणून जहाजात राहिला तरी ८,००० मेगावॉट. उन्हाळ्यात अख्ख्या मुंबईची विजेची कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या आसपास जाते. म्हणजे दोन मुंबया एका फ्रिगेटच्या पोटात. निर्वातात ही उष्णता फक्त प्रारणाने बाहेर टाकता येते. १,५०० केल्विनला तापलेला पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून चौरस मीटरमागे ५७० किलोवॉट फेकतो. हिशेब करा, १४,००० चौरस मीटर रेडिएटर लागतो. साडेतीन एकर! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे मुख्य अमोनियावाले रेडिएटर ७० किलोवॉटसाठी आहेत, तरी ते किती मोठे दिसतात बघा. 'रोसिनांटे'वर असे पंख कुठल्या पानावर आहेत ते मला दाखवा.

आणि हे पंख असते तर लढाईच बदलली असती. पहिली गोळी इंजिनावर कोण मारेल? रेडिएटरला भोक पाडलं की द्रव बाहेर, काही सेकंदांत रिॲक्टर बंद, जहाज नुसतं तरंगतंय. म्हणजे रेडिएटर मिटून किती वेळ लढता येतं हाच प्रत्येक लढाईचा गाभा झाला असता. कोरीद्वयीने तो टाळलाय.

गोरेगावकर:

निर्वात, हजारावा भाग कुठून आणलात? तिथेच घोळ आहे.

संलयनाचं इंधन म्हणून ड्युटेरियम-हेलियम ३ घेतलं तर बहुतेक ऊर्जा विद्युतभारित कणांत असते, आणि ते कण चुंबकीय नॉझल मागे वळवतं. जहाजाला लागतात फक्त क्ष-किरण आणि आडून होणाऱ्या ड्युटेरियम-ड्युटेरियम अभिक्रियांतले न्यूट्रॉन. ते सगळीकडे सारखे उडतात. ज्वलनाची जागा जहाजापासून ५० मीटर मागे उघड्या सांगाड्यावर ठेवा, मध्ये ५ मीटर त्रिज्येची ढाल. त्या ढालीवर एकूण प्रारणाचा पाव टक्का येतो, बाकीचं अवकाशात जातं, तुम्हाला ते गिळायची गरजच नाही. भटकं प्रारण एकूण शक्तीच्या ५ टक्के धरलं तरी ढालीवर १,००० मेगावॉट. म्हणजे १,८०० चौरस मीटर. पत्रा २,००० केल्विनपर्यंत तापू दिला तर ६०० सुद्धा पुरे, कारण फेकली जाणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते.

निर्वात:

आणि पुस्तकात तो ५० मीटरचा सांगाडा कुठे आहे? रिॲक्टर जहाजाच्या आत, खालच्या मजल्यावर. माणसं शिडीने तिथे उतरतात. तुम्ही वेगळंच जहाज बांधलंत आणि कादंबरीला त्याचे गुण दिलेत.

गोरेगावकर:

सांगाडा नाही, हे मान्य. पण 'हजारावा भाग' हाही पुस्तकात नाही, तो तुमच्या पदरचा. तेवढं तुम्हीही मान्य करा.

निर्वात:

आकडा गृहीतच होता, मी 'जरी' असं लिहिलंय. दहा हजारावा घ्या. पंख तरीही लागतातच.

मग आता चोरजहाजांकडे या. पहिल्या पुस्तकात 'कँटरबरी' हे बर्फवाहू जहाज उडवणारी जहाजं दिसत नाहीत, कारण इंजिन बंद आणि उष्णता आत साठवलेली. साठवली कशात? सर्वांत सोपी वस्तू बर्फ. तो वितळायला किलोमागे ३३४ किलोज्यूल, तिथून १०० अंशांपर्यंत तापवायला ४१८. मिळून पाऊण मेगाज्यूल. दहा टन बर्फ असेल तर ७,५०० मेगाज्यूल. हवा शुद्धीकरण, संगणक, माणसं, सेन्सर मिळून २०० किलोवॉट धरले तर साडेदहा तास. त्यापुढे पाणी उकळू दिलंत तर आणखी तीसेक तास निघतात, पण वाफ बाहेर सोडावी लागते आणि २.७ केल्विनच्या पार्श्वभूमीवर ती झळकते. दबा धरायचा तर आठवडाभर. दहा टनांत ते जमत नाही.

कुर्ला_कारशेड:

दहा टनच का? शंभर टन ठेवा. बर्फवाहू जहाजांचाच लघुग्रह पट्टा आहे तो. सव्वाचार दिवस झाले की.

निर्वात:

शंभर टन वाढवा, मग तेवढंच वजन प्रत्येक वेळी ढकला. आणि ते बर्फ पुन्हा गोठवणार कधी? काम उरकल्यावर कुठेतरी पंख उघडून दिवसच्या दिवस बसावं लागेल. ते एक दृश्य लिहिलं असतं तर मी ही मालिका डोक्यावर घेतली असती.

पुठ्ठाबांधणी:

उष्णतेवर एवढी लेखणी झिजवताय आणि पट्ट्यातल्या सेरेस ह्या बटुग्रहाकडे कोणाचं लक्षच नाही. सेरेस फिरवून पॉइंट थ्री जी मिळवलाय म्हणे. त्रिज्या ४७० किमी, आत्ताचा फेरा नऊ तासांचा. ०.३ जीसाठी तो चाळीस मिनिटांवर आणावा लागेल. मग विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला १.२ किमी, आणि सेरेसचा मुक्तिवेग आहे ०.५१! पृष्ठभागावरचा प्रत्येक सुटा दगड उडून जाईल. आतला ताण १०० कोटी पास्कलच्या घरात. खडक एक-दोन कोटीला तुटतो, बर्फ त्याच्याही कितीतरी आधी, आणि सेरेसमध्ये बर्फ भरपूर आहे. हे टिकणार नाही, चिरफळ्या होतील. ऊर्जेचं तर सोडाच. आजच्या जगाच्या पाच लाख वर्षांच्या वापराइतकी लागेल.

त्यापेक्षा आत पोकळी कोरून त्यात पोलादी ढोल फिरवायचा. २५० मीटर त्रिज्या, मिनिटाला एक फेरा, झालं ०.२८ जी. अख्खा खडक फिरवायची गरज नाही.

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. ही भांडणं आपण इंग्रजी पुस्तकांवर घालतोय. मराठीत अंतराळयुद्धाची नऊ खंडांची सोडा, तीन खंडांची मालिका का नाही? आपली विज्ञानकथा वाढली स्पर्धेत आणि दिवाळी अंकात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली, तिथून हे दालन उघडलं. त्याबद्दल परिषदेचे उपकारच आहेत. पण अंकातल्या दहा पानांत एक कल्पना मांडून होते. रसद, ताफा, नाकेबंदी ह्यांना पानं लागतात, आणि ती द्यायला प्रकाशक तयार नाहीत.

सँडहर्स्ट रोड:

पुठ्ठाबांधणी, मराठीसाठी वेगळा धागा काढा, तिथे मी नक्की येईन. इथे विषय शेवटच्या तीन पुस्तकांचा आहे आणि तो रेडिएटरखाली गाडला गेलाय.

निर्वात, तुमची आकडेमोड मी तपासली, बरोबर आहे. पण युद्धकादंबरी मी इंजिनाच्या तपशिलावर तोलत नाही. एकदा इंजिन गृहीत धरलं की त्यापुढे लेखक प्रामाणिक राहतो का, ते बघतो. चौथ्या पुस्तकात सगळे रिॲक्टर बंद पडतात आणि जहाजं कक्षेतून खाली घसरू लागतात. तेव्हा 'रोसिनांटे' रेलगन (विजेच्या जोरावर गोळी फेकणारी तोफ) झाडून धक्क्यावर वर सरकते. हे तुमच्याच पद्धतीने मोजा. गोळी २ किलो, वेग सेकंदाला १० किमी, जहाज ५०० टन. एका गोळीमागे वेग वाढतो सेकंदाला ४ सेंटीमीटर आणि ऊर्जा जाते १०० मेगाज्यूल, म्हणजे २८ युनिट. शिवाय दुसरं जहाज दोराने बांधलेलं, म्हणजे तेवढाही फायदा नाही. त्यातून सुटका होत नाही, फक्त थोडे तास मिळतात. पुस्तकातही तेच होतं, थोडे तासच मिळतात. ह्याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

निर्वात:

रेलगनचा प्रसंग चांगला आहे. त्यावर वाद नाही. बॅटरीवर चालताना २८ युनिटांतली निम्मी जरी उष्णता झाली तरी नळी प्रत्येक गोळीला ५० मेगाज्यूल गिळते, आणि ती बाहेर टाकायला पुन्हा पंखच हवेत. पण प्रसंग चांगला आहे.

गोरेगावकर:

मूळ विषयावर एक व्यावहारिक गोष्ट. सातवं-आठवं ज्यांना तुटक वाटतं त्यांनी बहुधा मधल्या लघुकादंबऱ्या सोडलेल्या असतात. 'द चर्न' पाचव्याच्या आधी वाचा, नाहीतर 'रोसिनांटे'वरच्या एमसचं बाल्टिमोर अधांतरी राहतं. 'द व्हायटल अबिस' सहाव्याच्या आधी. 'स्ट्रेंज डॉग्ज' मात्र आठव्याच्या आधी वाचायलाच हवी, कारण कारा आणि झान ही मुलं कोण हे आठवं पुस्तक नीट समजावत बसत नाही. सगळ्या 'मेमरीज लीजन' ह्या २०२२ च्या एका खंडात मिळतात. 'द सिन्स ऑफ अवर फादर्स' शेवटी ठेवा, ती नवव्यानंतरची आहे.

कुर्ला_कारशेड:

'स्ट्रेंज डॉग्ज' मी वाचलेली नव्हती, आणि ती वाचावीच लागते हा माझ्या मते मालिकेचा दोष आहे. पाचशेवर पानांच्या पुस्तकाने स्वतःच्या पात्रांची ओळख स्वतः करून द्यावी.

बांधणीतळांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. त्यासाठी आठवं वाचेन. नव्या माणसाला सल्ला विचाराल तर अजूनही सहाच सांगेन, फक्त 'पाणी वाढवलंय' हे शब्द मागे घेतो. 'टेम्पेस्ट'बद्दलचे नाही.

सँडहर्स्ट रोड:

आठवं वाचून झालं की इथेच लिहा. नाओमी त्यात बराच काळ एका मालवाहू कंटेनरमध्ये लपून राहते आणि जहाजाजहाजांतून माल म्हणून फिरते. तिथूनच ती सगळा उठाव चालवते. संदेश थेट पाठवला तर माग लागेल, म्हणून निरोप 'बाटल्या' म्हणवणाऱ्या छोट्या संदेशयंत्रांत भरून दरवाजापाशी सोडले जातात. ती प्रकरणं घाईने वाचू नका.